जमादाराची बैठक

जमादार गेला तेव्हा पूजेच्या कोपीवर शेवटची पेंढी चढायची होती. वीरेश शिडीवर होता. त्याची बायको दीपमाला खालून कडब्याची पेंढी वर देत होती. अक्षरा आखाड्याच्या, म्हणजे शेतघराच्या, दारात पोतं टाकून बसली होती आणि तिच्या मांडीवर जमादाराचं डोकं होतं.

"काका," ती म्हणाली.

वीरेशला कळलं. हातातली पेंढी तशीच सोडून तो खाली उतरला, येऊन उकिडवा बसला आणि जमादाराच्या फाटक्या कानावरून अंगठा फिरवला. तो कान देवणी वळू चोरायला आलेल्यांच्या काठीनं फाटला होता. चोर पळाले, वळू जागेवर राहिला. दुसऱ्या दिवशी सगळ्या तोगरवाडीनं येऊन तो कान बघितला होता. चौदा वर्षं झाली जमादाराला. कारवानी कुत्रं एवढं जगत नाही, पण जमादाराला निवृत्त व्हायची घाई कधीच नव्हती.

"तरास झाला का गं?"

"न्हाई काका. श्वास लांब लांब होत गेला. एकदा माझ्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं बघितलं." अक्षरा उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. जनावराचा जीव जाताना तिनं पाहिला होता, स्वतः नोंदही केली होती. घरच्या जनावराचा जाताना पाहणं ही वेगळी गोष्ट असते, हे तिला आज कळलं आणि ती पोटभर रडली.

दीपमालाही पदर तोंडाला लावून उभी राहिली. पण बाईमाणसाला रडतानाही दहा कामं दिसतात. तिला वाटेवरची धूळ दिसली.

"भावजींची गाडी आली," ती म्हणाली. "आन् पाव्हणं दुपारी यायलेत. आता वो कसं?"

येळवस होती, म्हणजे वेळा अमावस्या. येळवशीला आमच्या भागात गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. लातूरच्या बाजारात त्या दिवशी कुत्रं फिरत नाही म्हणतात, कारण सगळी माणसं कुणा ना कुणाच्या शेतात भाज्या-शेंगांच्या भज्जीवर ताव मारत असतात. राजशेखर बिरादारानं, म्हणजे अक्षराच्या बापानं, घरच्या थोरल्यानं, हाच मोका साधून लातूरच्या गुरुबसप्पांना शेतावर बोलावलं होतं. गुरुबसप्पांची डाळमिल होती, संगमेश्वर नावाचा एकुलता मुलगा होता, आणि अक्षराला बघण्याचा कार्यक्रम घरात बसून पोह्यांच्या बशीवर करण्यापेक्षा शेतात सहज उरकावा असा बेत होता. सहज म्हणून केलेल्या या बेतासाठी राजशेखर आठ दिवस झोपला नव्हता.

गाडीतून तो पहिला उतरला. कडक इस्त्रीचा पांढरा नेहरू शर्ट, पांढरं धोतर, उदगीरच्या अडत दुकानात गादीवर बसून कमावलेलं पोट. त्याच्यामागं त्याची बायको मंजुश्री टोपल्या उतरवू लागली आणि पुढच्या सीटवरून गुरम्मा, या दोघा भावांची आई, काठी टेकत खाली आली.

राजशेखरनं दारातलं दृश्य पाहिलं आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते त्यालाही आवडलं नसावं.

"आजच?"

"त्याला कॅलेंडर कोण दाखवलं न्हाई अण्णा," वीरेश म्हणाला.

"तसं न्हाई रे." राजशेखर जवळ आला. वाकला. हात पुढं केला, पण शर्टाची बाही बघून परत घेतला. "चांगला होता गडी. लई चांगला होता. पण वीरेश, दोन घंट्यात पाव्हणं येतेत. असं कर, पोत्यात नीट गुंडाळ, आखाड्याच्या मागं ठेव, वरून कडबा टाक. पाव्हणं गेले की संध्याकाळी आपण दोघं मिळून माती देऊ. मी सोता येतो."

"म्हंजे लपवायचं."

"लपवायचं न्हाई. नंतर करायचं."

"कडब्याखाली ठेवायचं त्याला लपवायचंच म्हणतेत."

"अप्पा," अक्षरा म्हणाली, "मी त्याला कडब्याखाली ठेवू देणार न्हाई. मला बघायला येणार असतील तर मला रडताना बी बघतील. काय बिघडतंय?"

"बिघडतंय बाई!" मंजुश्री टोपली खाली ठेवत म्हणाली. "सणाचा दिवस, पूजा व्हायची हाय, कोपीत पांडव मांडायचेत. आन् दारात मयत. लोकं पहिल्या पावलाला काय म्हणतील? सुतकातलं जेवण घातलं म्हणतील."

राजशेखरनं आधारासाठी भावजयीकडं पाहिलं. एरवी दीपमाला नवऱ्याच्या बाजूनं उभी राहायची आणि दोन जावांचं चारचौघांत कधी एकमत झालेलं कुणाला आठवत नव्हतं. पण आज पोरीच्या भल्याचा प्रश्न होता.

"वैनी म्हणतेत ते खरं हाय," ती खाली बघत म्हणाली. "संध्याकाळी केलं तर काय होतंय वो? मेलेल्याला काय कळतंय?"

वीरेशनं बायकोकडं असं पाहिलं की तिनं उरलेली पेंढी उचलून कोपीचा रस्ता धरला.

गुरम्मा सावकाश येऊन पोत्याच्या कडेला बसली, काठी बाजूला ठेवली आणि जमादाराच्या कपाळावर हात ठेवला. हा कुत्रा तिच्या नवऱ्यानं, वीरभद्रप्पांनी, आणला होता. मुठीएवढं पिल्लू आल्या दिवशी जाऊन फाटकात बसलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडं रोखून बघू लागलं. वीरभद्रप्पा म्हणाले, हा तर निजामाच्या चौकीवरचा जमादार. तेच नाव पडलं. वीरभद्रप्पांना जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून गुरम्मा जमादाराशीच बोलायची, आणि बाकीच्यांना काय सांगायचं ते जमादाराला सांगितल्यासारखं सांगायची.

"मंजुश्री," ती म्हणाली, "सुतक म्हणालीस का गं?"

"तसं न्हाई आत्याबाई, लोकं..."

"लोकाचं सोड. तुझ्या गळ्यात काय हाय?"

मंजुश्रीचा हात आपोआप गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला.

"लिंग बांधलेल्या घरात सुतक कसलं? तुझा सासरा शिवैक्य झाला तवा त्याच दिवशी आपण चूल पेटवली, पूजा केली. मठाचे स्वामी म्हणाले, बरोबर हाय. माणसाचं धरलं न्हाई, आन् जमादाराचं धरायला निघालीस. तुझा जीव त्याच्यावर आमच्यापेक्षा जास्ती हाय की काय!"

मंजुश्रीला हसावं की रागवावं कळेना. वीरेश मात्र हसला.

"कडबा न्हाई," गुरम्मानं निकाल दिला. "पाव्हणं यायच्या आदी माती देऊ. लपवायचं बी न्हाई आन् मिरवायचं बी न्हाई. वीरेश, बांधावर खड्डा घे. तो बसायचा तिथं."

राजशेखरनं घड्याळ पाहिलं. वेळ होता. दुकानात बसून तो एक गोष्ट शिकला होता, की सौदा पूर्ण आपल्या मनासारखा होत नसेल तर अर्ध्यावर मिटवावा. "ठीक हाय," तो म्हणाला. "पण लवकर."

*

वीरेशनं टिकाव-फावडं घेतलं आणि एकटाच बांधावर गेला.

ती जागा रस्त्याच्या वळणावर होती. डाव्या हाताला गुडघ्याएवढा हरभरा, उजव्या हाताला पोटरीत कणीस धरलेली ज्वारी, आणि ज्वारीच्या पलीकडं वीरभद्रप्पांची समाधी. जमादार इथं ताठ बसायचा, पुढचे पाय सरळ रोवून, आणि त्याला ओलांडून शेतात पाय टाकायची कुणाची टाप नव्हती. तलाठी यायचा तर वाटेवरूनच हाका मारायचा.

काळी जमीन वर कोरडी होती, आत ओलसर. वीरेश खणत गेला. दुःख झालं की त्याचे हात चालतात आणि डोकं थांबतं. वडील गेले तेव्हाही त्यानंच खणलं होतं. तोगरवाडीत लिंगायताच्या कुठल्याही घरी कुणी गेलं तरी माणसं आधी वीरेशकडं येतात, कारण खड्ड्याची बाजू ढासळू न देता काम करणारा तोच एक. तो खणत होता आणि मनात जमादाराशी भांडत होता. एक दिवस थांबला असतास तर काय झालं असतं. नाहीतर काल तरी जायचं होतं. अण्णाची इज्जत तुला कशी कळंना.

दीपमाला पाण्याचा तांब्या घेऊन आली. सकाळचं मनात होतं, म्हणून जरा नरमाईनं येऊन काठावर उभी राहिली. खाली बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

"अवं, हे काय करायलाव?"

वीरेश छातीभर खड्ड्यात उभा होता. त्यानं मान वळवली. समोरच्या भिंतीत त्यानं कोनाडा कोरला होता. वर कमान, खाली सपाट बैठक, पाठ टेकायला नीट घासलेली माती. आमच्यात माणसाला आडवं पुरत नाहीत. मांडी घालून कोनाड्यात बसवतात, हातात लिंग देतात, मग माती लोटतात. वीरेशच्या हातांना दुसरा खड्डा माहीतच नव्हता. त्यांनी आपला नेहमीचा घेतला होता.

"हात गेला गं," तो म्हणाला. "माझं ध्यानच नव्हतं." आणि एवढा वेळ आवरलेला तो बाप्या माणूस त्या खड्ड्यात उभा राहून हसता हसता रडू लागला. दीपमालानं तांब्या ठेवला, काठावर बसून त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"मघाशी मी चुकीचं बोलले," ती म्हणाली. "त्याला कळत नसंल. आपल्याला कळतंय की."

हळूहळू सगळे जमले. अक्षरा आली, अज्जीचा हात धरून. मंजुश्री आली. शेवटी राजशेखर आला, आणि त्यानं जे पाहिलं त्यानं त्याचा चेहरा तापल्या तव्यासारखा झाला.

"अरे, ही समाधी हाय! कुत्र्याला समाधी? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

"चुकून झालं अण्णा."

"चुकून? चुकून माणूस कोनाडा कोरतो? गावात कळलं तर पिढ्यान्‌पिढ्या हसतील. बिरादारांनी कुत्रं बसवलं म्हणतील. स्वामींना काय तोंड दाखवू मी? बुजव ते. सपाट कर आन् आडवा ठेव."

वीरेशनं खरंच फावडं उचललं. चूक त्याची होती, आणि शेतीची बाब सोडली तर थोरल्या भावाचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. पण अक्षरा मध्ये आली.

"राहू द्या काका. अज्जी, तूच सांग. तो कधी आडवा पडून राखण करायचा का?"

गुरम्मानं वाकून खड्ड्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. नवऱ्याला बसवलं तसलाच कोनाडा. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत होता.

"जन्मभर बसून ऱ्हायला तो. उन्हात बसला, पावसात बसला. आता पाठ टेकायला जागा मिळाली तर तुमच्या पोटात का दुखावं? स्वामींना मी सांगते. म्हणते, पोराचा हात गेला आन् आईनं थांबवला न्हाई."

"अव्वा, तुला कळंना. आज त्या घरची माणसं..."

त्याचं वाक्य हवेतच राहिलं. वळणावर एक पांढरी जीप थांबली होती. पाहुणे तासभर आधी पोचले होते. मुलीकडच्यांची धांदल बघायला मुलाकडचे नेहमीच लवकर येतात, हा त्यांचा जुना हक्क आहे.

*

गुरुबसप्पा धिप्पाड माणूस. काळी टोपी, जरीकाठी उपरणं. पार्वतम्मा मागून उतरल्या आणि संगमेश्वर गाडी लावत होता. गुरुबसप्पांनी दोन पावलं टाकली आणि ते थबकले. समोर ताजा खड्डा. खड्ड्यात कोनाडा. काठावर रडलेली माणसं, आणि म्हातारीच्या कपाळावर भस्म. त्यांनी टोपी काढली, हात जोडले. पार्वतम्मांनी डोक्यावरून पदर घेतला.

"शिव शिव," गुरुबसप्पा दबक्या आवाजात म्हणाले. "राजशेखरजी, निरोप तरी द्यायचा होता. कोण शिवैक्य झालं?"

वीरेशनं खाली मान घातली. मंजुश्रीनं डोळे मिटून घेतले. राजशेखरच्या डोक्यात त्या एका क्षणात चार-पाच खोट्या गोष्टी येऊन गेल्या. बाभळीचं खोड काढलं म्हणावं. बोअरची जागा बघतोय म्हणावं. अडत दुकानात माणूस याहून मोठ्या गोष्टी बोलून जातो. पण हात जोडून उभ्या असलेल्या माणसापुढं त्याला ते जमेना.

"माणूस न्हाई," तो म्हणाला. "आमचं कुत्रं गेलं."

"कुत्रं?"

"हाव."

गुरुबसप्पांचा श्वास सुटला. टोपी डोक्यावर गेली. "अरे अरे! मी घाबरलो ना हो! पार्वतम्मा, कुत्रं म्हणं!" ते मोठ्यानं हसले. मनाचा वाईट माणूस नव्हता, भीती सरली की मोठी माणसं अशीच हसतात. "मग एवढा घोळ कशाला? पोतं टाका वरून. जेवणं होऊ द्या निवांत. मागून गड्याला सांगा, वढ्यात फेकून येईल. खामखा सणाच्या दिवशी परेशान व्हायलाव."

पोतं टाका. जेवणं होऊ द्या. मागून करा. राजशेखरचेच शब्द होते, सकाळचे. स्वतःच्या तोंडून निघाले तेव्हा ते शहाणपणाचे वाटले होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याच्या कानशिलांत आग पेटली. आणि फेकून? जमादाराला?

आयुष्यात पहिल्यांदा राजशेखर बिरादारानं नफा-तोटा न बघता तोंड उघडलं.

"फेकायचं न्हाई, गुरुबसप्पाजी. जमादाराला आमच्याकडं माती द्यायची हाय. तुम्ही कोपीच्या सावलीला बसा, आंबील घ्या. हे झाल्याबिगर आज पूजा न्हाई आन् पंगत बी न्हाई."

मंजुश्रीनं डोळे उघडले.

"नाराज होऊ नका," गुरुबसप्पा जरा चकित होऊन म्हणाले. "पण कोनाड्यात? कुत्र्याला बसवून?"

"बसवूनच." राजशेखरनं ज्वारीकडं हात केला. "ऐका. आमचे अप्पा असेच एकदा ह्या ज्वारीत पडले. झटका आला. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, अंधार पडत आलेला. सगळं गाव हाका मारतंय आन् अप्पांची वाचाच गेलेली. कुठं शोधावं? ह्या जमादाराला मी हाक मारली. माझी एक हाक त्यानं कधी खाली पडू दिली न्हाई. त्या दिवशी आला न्हाई. तिथं मधी, बघा, त्या खडकाजवळ, ताठ बसून ऱ्हायला. शिट्टी मारली, भाकर दाखवली, हलंना. हा म्हणला," त्यानं वीरेशकडं बोट केलं, "अण्णा, जमादार हलंना म्हंजे अप्पा तिथंच हायेत. गेलो. त्याच्या पायाशीच होते. डॉक्टर म्हणले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती काय लागलं नसतं. पुढं तीन वर्षं आमच्या अप्पांनी भाकर खाल्ली, नातीला कॉलेजात पाठवलं. ती तीन वर्षं ह्यानं बसून कमावलेली हायेत. त्याला मी आडवा टाकू?"

राजशेखरनं चपला काढल्या, धोतर खोचलं आणि तो इस्त्रीच्या शर्टानिशी काळ्या मातीच्या खड्ड्यात उतरला.

"आण वीरेश," तो म्हणाला. "मी खाली धरतो."

*

मंजुश्री तिथून पळतच गाडीकडं गेली.

मुलगी लग्नाची झाली तरी तिनं या कुत्र्याला घराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. भाकर टाकायची तीही लांबून. दोघांचं एकमेकांशी असं ठरलेलं होतं आणि जमादारानं ते कधी मोडलं नाही, ही गोष्ट तिला आत्ता आठवत होती. आणि आठवत होता नवऱ्याचा आवाज. पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं तो ग्राहकाशी, पाहुण्याशी, पुढाऱ्याशी मऊ बोलताना ऐकला होता. आज त्यानं व्याह्याला, म्हणजे होऊ घातलेल्या व्याह्याला, तोंडावर नाही म्हटलं होतं. तिची छाती अभिमानानं भरून आली. स्थळ गेलं तर गेलं, असंही तिच्या मनात येऊन गेलं, आणि आपल्याच मनाचं तिला नवल वाटलं.

डिकीत एक पिशवी होती. तिच्यात उदगीरच्या दुकानातून दोनदा बदलून आणलेली क्रीम रंगाची शाल होती, गुरुबसप्पांच्या सत्कारासाठी. मंजुश्रीनं किमतीची चिठ्ठी फाडली आणि शाल घेऊन बांधावर आली.

"ह्याच्यात गुंडाळा," ती म्हणाली.

राजशेखरनं शाल ओळखली. खड्ड्यातून त्यानं बायकोकडं पाहिलं, तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि दोघांनीही एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवलं. गुरुबसप्पा शेजारीच उभे होते. "शाल छान हाय," ते म्हणाले.

वीरेश आणि अक्षरानं जमादाराला खाली दिलं. राजशेखरनं त्याला कोनाड्यात बसवलं, पाठ मातीला टेकवली, पुढचे पाय सरळ केले. तोंड रस्त्याकडं. डोकं खाली कलंडत होतं, म्हणून तो हनुवटीखाली हात धरून तसाच उभा राहिला. गुरम्मानं आपल्या कपाळावरचं भस्म बोटाला घेतलं, वाकली, पण हात पोचेना.

"द्या अज्जी," मागून कुणी तरी म्हणालं.

संगमेश्वर होता. त्यानं बूट कधी काढले होते कुणास ठाऊक. त्यानं म्हातारीच्या बोटावरचं भस्म आपल्या बोटावर घेतलं, खड्ड्याच्या काठावर पोटावर आडवा झाला आणि जमादाराच्या कपाळावर ओढलं. आडवी तीन बोटं, नीट. त्याच्या निळ्या शर्टाला काळी माती लागली. पार्वतम्मा "अय्यो" म्हणाल्या, पण हळू.

अक्षरा त्याच्याकडं बघत नव्हती. ती वडिलांकडं बघत होती. लहानपणापासून तिला वाटायचं की अप्पा लोकांना फार घाबरतात. ते आता कमरेपर्यंत मातीत उभे होते, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, आणि मेलेल्या कुत्र्याची मान ताठ राहावी म्हणून हात आखडून धरलेला. वीरेश फावड्यानं नाही, ओंजळीनं माती सोडत होता. माती छातीपर्यंत आली तेव्हा मान आपली आपण उभी राहिली. तेव्हाच अप्पांनी हात काढला आणि ते वर आले. अक्षराला वाटलं, हा माणूस माझा बाप आहे हे आता मी कुठंही सांगेन.

तिनं पहिली मूठ टाकली. मग सगळ्यांनी. सगळ्यात शेवटी गुरुबसप्पांनी उपरणं सावरलं, वाकून एक ढेकूळ उचललं, हातात कुस्करलं आणि टाकलं.

*

पूजा झाली. कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडले, नैवेद्य दाखवला, दूध उतू गेलं ते पूर्वेकडं, म्हणजे शुभ. आंबिलीचं मडकं घेऊन पुरुष माणसं पिकाभोवती फिरली, ज्वारीवर शिंपडत. "ओलगे ओलगे सालम पोलगे!" वीरेश येळवशीची ही कानडी वळणाची आरोळी ठोकायचा, बाकीचे साथ द्यायचे, आणि गिरणीवाल्या गुरुबसप्पांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. लहानपणी शेतात वाढलेला माणूस डाळमिल काढली तरी ते ओरडणं विसरत नाही.

पंगत बसली. भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची पोळी, खीर. पार्वतम्मांनी ताटावर हात नेला आणि थांबवला.

"आंघोळ न करता कसं हो?" त्या गुरम्माला हळूच म्हणाल्या. "मातीवरून आलो."

"हात धुतलाव न्हवं? तुम्ही बी लिंगवंतच हाव की. का लातूरला गेल्यावर सुतक धरायला लागलाव?"

पार्वतम्मा लाजल्या आणि त्यांनी उंडा मोडला. तो पहिला घास गिळला जाईपर्यंत मंजुश्री आणि दीपमाला दोघींनी एकमेकींचा हात धरून ठेवला होता.

गुरुबसप्पा मात्र गप्प जेवत होते. दोनदा भज्जी मागून घेतली, आंबिलीचे तीन पेले झाले, पण बोलेनात. राजशेखरनं आपल्या मातकट शर्टाकडं पाहिलं आणि मनातल्या मनात स्थळावर पाणी सोडलं. त्याला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप काही झाला नाही. भूकही चांगली लागली होती.

हात धुवून झाल्यावर गुरुबसप्पा त्याच्याजवळ येऊन बसले. खाकरले.

"राजशेखरजी, एक विचारू? नाराज होऊ नका. ह्या जमादाराचं वाण हाय का कुठं? पिल्लू, नातू, पणतू? आमच्या मिलवर एक ठेवावं म्हणतो."

"हाय. देवणीला त्याच्या लेकीला आत्ताच पिल्लं झालीत."

"मग एक द्या की आम्हाला."

सकाळचा राजशेखर असता तर त्यानं सगळं वेत गाडीत घालून दिलं असतं. आत्ताच्या राजशेखरनं मिशीवरून हात फिरवला.

"मागितलं की दिलं असं जमत न्हाई, गुरुबसप्पाजी. अप्पांची रीत हाय. आधी आम्ही येऊन घर बघतो. माणसं कशी हायेत, त्याला बसायला कुठं जागा देतेत, म्हातारा झाला तर फेकून देतेत का बसवतेत, हे बघतो. मग अव्वा हो म्हणली तर देतो."

पार्वतम्मांनी नवऱ्याकडं पाहिलं. संगमेश्वरनं ज्वारीकडं पाहिलं, पण त्याचे खांदे हसण्यानं हलत होते. गुरुबसप्पा आधी लाल झाले. मग त्यांनी बांधावरच्या ताज्या मातीकडं नजर टाकली आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "बरोबर हाय. मघाशी मी बोललो ते बी मनात ठेवलाव तुम्ही. ठेवायलाच पायजे. या मग लातूरला. घर बघून घ्या."

"येतो," राजशेखर म्हणाला.

"अप्पा एकटे न्हाई येणार," अक्षरा खिरीची वाटी पार्वतम्मांपुढं ठेवत म्हणाली. तिचे डोळे अजून सुजलेले होते, आवाज मात्र साफ होता. "मी बी येते. मला बी बघायचं हाय."

गुरुबसप्पांनी मान वर करून प्रथमच तिच्याकडं नीट पाहिलं. "पिल्लासाठी का, पोरी?"

"पिल्लासाठी बी," अक्षरा म्हणाली.